लिस्बनला खोली घेताय? आधी जनेल विचारा

गोव्यातल्या फोंड्याहून एका सेमिस्टरसाठी लिस्बनला गेले तेव्हा खोली मी फोटो बघून ठरवली होती. पलंग, टेबल, कपाट, सगळं लख्ख दिसत होतं. जाऊन बघते तर खोलीला जनेलच, म्हणजे खिडकीच, नाही! दार लावलं की दिवस आहे की रात्र, कळायचं नाही. तिथल्या जुन्या इमारती एकमेकींना चिकटून, खोलवर आत गेलेल्या असतात. मधल्या खोल्यांना बाहेरची भिंतच नसते, आणि त्या खोल्याही भाड्याला देतात. सहा आठवडे मी तशा खोलीत काढले. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

फसायला होतं ते घाईमुळे. ९० दिवसांहून जास्त राहायचं तर शेंगेन व्हिसा चालत नाही, पोर्तुगालचा राष्ट्रीय व्हिसा काढावा लागतो, आणि त्या अर्जाला राहण्याच्या जागेचा पुरावा जोडायचा असतो. मग जी खोली मिळेल ती आपण पक्की करतो. तसं करू नका. विद्यापीठाच्या वसतिगृहाला आधी विचारा. खाजगी खोली घेणार असाल तर व्हिडिओ कॉल करा आणि मालकाला कॅमेरा घेऊन फिरायला लावा. पहिला प्रश्न, ‘तें जनेला?’ म्हणजे जनेल आहे का? शब्द आपल्याच घरातला आहे, अडखळायला होणार नाही. जनेल दाखवलं की ते उघडायला सांगा. पुष्कळदा ते इमारतीच्या मधल्या अरुंद चौकात उघडतं. त्याला ‘सागुआंव’ म्हणतात. तिथून उजेड येत नाही, शेजाऱ्यांच्या तळणाचा वास तेवढा येतो. रस्त्याकडे उघडणारं जनेल मिळालं तर भाडं थोडं जास्त पडलं तरी द्या. करार लेखी हवा, दर महिन्याची पावती हवी. करार टाळून रोख मागणाऱ्याच्या खोलीत जाऊ नका आणि खोली बघितल्याशिवाय अनामत पाठवू नका.

जनेलाचा एवढा आग्रह का, ते डिसेंबरात कळतं. लिस्बनचा पावसाळा हिवाळ्यात असतो. ओल आपल्याला नवी नाही. आषाढात कपाटातल्या चामडी पट्ट्यावर हिरवट बुरशी धरते ती आपण लहानपणापासून बघतो. पण आपली ओल उबदार. तिथं बहुतेक जुन्या घरांत उष्णतेची सोयच नसते, त्यामुळे कधीकधी बाहेरच्यापेक्षा आतच जास्त गारठा वाटतो. माझी उशी भिंतीला टेकायची त्या जागी काळे ठिपके उठले होते, बोट लावलं तर बोट काळं व्हायचं. दुसऱ्या खोलीत आल्यावर शिकले ते असं: पलंग आणि कपाट भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. दुपारी ऊन असताना अर्धा तास जनेल सताड उघडा, थंडी वाजली तरी. ओले कपडे खोलीत वाळत घालू नका, सगळं लिस्बन जनेलाबाहेरच्या दोरीवर वाळत घालतं, तुम्हीही घाला. आणि हवेतली ओल शोषून घेणारं यंत्र जुनं मिळालं तर जरूर घ्या. पहिल्या रात्री लावलं आणि सकाळी त्याचं भांडं काढलं, तर जवळजवळ दीड लिटर पाणी! तेवढी ओल मी रोज श्वासात घेत होते.

पत्त्याचं एक सांगते. तिथल्या घंटीवर बऱ्याचदा नाव नसतं. मजला आणि बाजू असते. तिसरा मजला, ‘श्केर्दु’ म्हणजे डावीकडचं घर, ‘दिरैतु’ म्हणजे उजवीकडचं. पत्त्यात हे लिहिलं नाही तर पोस्टमन पत्र टाकणार कुठं? माझं बँकेचं कार्ड असंच परत गेलं. नऊ आकडी कर क्रमांक, ‘नीफ’, लवकर काढून ठेवा. बँक, खोलीचा करार, फोनचं मासिक कनेक्शन, सगळीकडे तो मागतात.

पोर्तुगीज भाषेसाठी पणजीच्या कामोंइश केंद्रात वर्ग चालतात, जायच्या आधी सहा महिने तरी करा. माझे आजोबा पोर्तुगीज काळातल्या शाळेत ‘सेगुंद ग्राव’पर्यंत शिकलेले. त्यांनी मला एकच गोष्ट घोटून शिकवली: दुकानात पाऊल टाकलं की आधी ‘बों दिय’, मग काय हवं ते. हे किती खरं आहे ते तिथं रोज अनुभवलं. अभिवादन न करता थेट भाव विचारला तर माणसं मिटून जातात. वडीलधाऱ्यांना ‘तू’ म्हणायचं नाही, पुरुषाला ‘उ सेन्योर’, बाईला ‘अ सेन्योरा’ म्हणायचं; आपल्या ‘आपण’सारखंच. बोलताना ते स्वर गिळून टाकतात, म्हणून पहिले दोन महिने काहीच कळलं नाही तरी घाबरू नका. मेज, चावी, साबण, बटाटा, कोबी, पगार हे ओळखीचे शब्द कानात पकडत राहा. बाकीचं मागून येतं.

प्रवासाचा पास ‘नवेगांत’ कार्डावर मिळतो. शहरापुरता ३० युरो, आसपासच्या सगळ्या भागासाठी ४०. पास महिन्याच्या १ तारखेपासून अखेरपर्यंत चालतो, म्हणून २० तारखेला पोचलात तर पास न घेता कार्डात थोडे पैसे भरून फिरा.

गुण २० पैकी देतात, १० ला उत्तीर्ण. मला पहिल्या पेपरात १४ मिळाले तेव्हा रात्रभर झोप नव्हती; तिथं १४ चांगले धरतात. परतल्यावर ते गुण इकडे कसे धरणार, हे निघण्यापूर्वीच आपल्या विभागाकडून लिहून घ्या.

आता जेवण. हॉटेलात न मागता पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतात. खाल्लंत तर बिलात लागतं. नको असेल तर लगेच परत करा. विद्यापीठाच्या कँटीनमध्ये तीन युरोंच्या आसपास सूप, मुख्य पदार्थ, पाव आणि फळ मिळतं, दुपारी तिथंच जेवा. रात्री मात्र घरी रांधा. मासळीवाल्याकडे ‘कावाला’ मागा. आपल्या बांगड्याचीच जात. ‘पोद अमन्यार?’ म्हटलं की साफ करून देतो. सोमवारी जाऊ नका, रविवारी होड्या जात नाहीत. मार्तीं मोनीज चौकाच्या आसपासच्या दुकानांत नारळाचं दूध, हळद, सुक्या मिरच्या, सगळं मिळतं. मांस आणि दुधाचे पदार्थ युरोपात नेऊ देत नाहीत, तेव्हा आईनं बांधलेले पेढे विमानतळावर टाकावे लागतील. सोलं, म्हणजे आमसुलं, आणि तिरफळं मात्र भरपूर न्या. मी नेलेली तिरफळं नोव्हेंबरातच संपली, आणि पुढचं सगळं हुमण, म्हणजे माशांची आमटी, त्यांच्याशिवाय करावं लागलं.