छोट्या लेथवर लाकूड कातायला शिकताना

नाशिकमध्ये लेथ म्हटलं की सातपूर-अंबडच्या माणसाच्या डोळ्यांपुढे लोखंडच येतं. मीही त्यातलाच. एमआयडीसीत टर्नर म्हणून नोकरी करता करता लाकडाच्या छोट्या लेथकडे (लाकूड फिरतं ठेवून टूलने गोल आकार द्यायचं, म्हणजे कातायचं यंत्र) वळलो आणि आता सुट्टीच्या दिवशी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये काही जण शिकायलाही येतात. ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. मशीन कुठलं घ्यावं यावर लोक महिनोन्‌महिने खल करतात आणि धार कशी लावायची हे मात्र कुणी विचारत नाही. माझ्या मते लाकूड कातण्यातलं निम्मं कसब ग्राइंडरवर आहे.

लोखंडाच्या लेथवर टूल पोस्टात घट्ट आवळलेलं असतं, हँडल फिरवलं की ते सरळ पुढे सरकतं. इथे टूल तुमच्या हातात असतं. रेस्ट नावाची पट्टी खालून आधार देते तेवढंच. कोन, खोली, पुढे सरकण्याचा वेग हे सगळं हात, कंबर आणि पाय मिळून ठरवतात. त्यामुळे आयटीआयचा दोन वर्षांचा टर्नर ट्रेड केलेला मुलगाही पहिल्या दिवशी इथे नवखाच असतो. त्याला सेंटर (काम टोकाला धरणारा टोकदार भाग), टेपर (निमुळता उतार), रनआउट (फिरताना होणारी डगमग) समजावून सांगावं लागत नाही, हा फायदा मात्र नक्की होतो.

छोटा लेथ म्हणजे साधारण 8 ते 10 इंच स्विंगचा, दोन सेंटरमध्ये 12 ते 18 इंच लाकूड बसेल असा, अर्ध्या ते पाऊण हॉर्सपॉवरच्या सिंगल फेज मोटरचा. स्विंग म्हणजे बेडला न घासता जास्तीत जास्त किती व्यासाची वस्तू फिरेल ते माप. लाटणं, रवी, भोवरे, मुठी, छोट्या वाट्या यांना एवढं पुरतं. घेताना सगळ्यात कमी वेग किती मिळतो ते आधी विचारा. 500 आरपीएम (मिनिटाला फेरे) किंवा त्याहून खाली जाणारा असेल तर पुढे वाट्या करताना बरं पडतं. स्पिंडलचे, म्हणजे काम फिरवणाऱ्या दांड्याचे आटे कुठले आहेत तेही लिहून घ्या, कारण चक (लाकूड जबड्यांत धरणारा भाग) त्याच आट्यांचा घ्यावा लागतो. आणि सेंटर बसतं ते निमुळतं भोक, म्हणजे टेपर, मोर्स नंबर 2 या मापाचं असेल तर नाशिककराची चांदीच आहे. लोखंडाच्या कामात हाच टेपर सर्रास चालतो, त्यामुळे फिरतं सेंटर किंवा ड्रिल चक मशिन टूल्सच्या कुठल्याही दुकानात मिळतं. फेसप्लेट (लाकूड स्क्रूने बसवायची तबकडी) हवी असेल तर स्पिंडलचं माप घेऊन अंबडमधल्या एखाद्या जॉबवर्कवाल्याकडे जा, तो करून देईल. ही सोय सगळ्याच गावांत नसते.

जेवढा खर्च लेथवर, जवळपास तेवढाच पुढे टूल्स, ग्राइंडर आणि चकवर होतो, हे धरूनच चाला. सुरुवातीला चार टूल्स बास: रफिंग गाउज (चौकोनी लाकूड गोल करायचं पन्हळी टूल), स्पिंडल गाउज (आकार द्यायचं बारीक पन्हळी टूल), पार्टिंग टूल (खाच पाडायचं) आणि स्क्यू (तिरप्या धारेची पटाशी). एचएसएसचीच (हाय स्पीड स्टीलची) घ्या. साध्या कार्बन पोलादाची टूल्स ग्राइंडरवर निळी पडली की त्यांचं पाणी, म्हणजे कडकपणा उतरतो, एचएसएस तेवढी उष्णता सहज सोसतं. रफिंग गाउज फक्त दोन सेंटरमधल्या लांब कामासाठी आहे. त्याची मुठीत जाणारी शेपटी बारीक असते. वाटी करताना ते वापरलं आणि अडकलं तर तिथेच मोडतं. कुणी कितीही सांगितलं तरी वाटीला ते लावू नका.

आता धार. 8 इंची ग्राइंडर घ्या, शक्यतो 1440 आरपीएमचा, आणि त्याला पांढरं अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचं 80 ग्रिटचं चाक बसवा. ग्राइंडरबरोबर येणारं करडं चाक लवकर चमकायला लागतं आणि कापण्याऐवजी तापवतं. धारेचा कोन रफिंग गाउजला 45 अंश, स्पिंडल गाउजला 35 ते 40 अंश ठेवा. धारेमागच्या उताराला मार्करची शाई फासा, ग्राइंडर बंद ठेवून चाक हाताने थोडं फिरवा आणि शाई कुठे पुसली जातेय ते बघा. फक्त टोकाला पुसली तर मूठ खाली घ्या, फक्त टाचेला (उताराच्या मागच्या कडेला) पुसली तर वर. पूर्ण उतारावर एकसारखी पुसली की मगच ग्राइंडर सुरू करा आणि टूल चाकावर हलक्या हाताने टेकवा. जोर लावायचा नाही. धार झाल्यावर उजेडात बघा: कडेवर पांढरी रेघ चमकली तर धार अजून बोथट आहे. धारेला काही दिसत नाही, तेव्हा ती लागलेली असते.

शिकायला येणाऱ्या एका ताईंचं लाटणं परवाच झालं. त्यांनी विचारलं, "दादा, लाकूड कापलं जातंय, पण नुसता भुसाच पडतोय, असं का?" टूल बोथट होतं. ग्राइंडरवर एक हात फिरवून आणलं आणि बाभळीच्या त्याच तुकड्यातून लांब, गुंडाळलेल्या सालपटांची धार सुटली. आवाजही बदलला, खरखर जाऊन सळसळ आली. भुसा दिसला की आधी ग्राइंडर, मग बाकीची शंका. हा नियम पाळला तर निम्म्या अडचणी तिथेच मिटतात.

पहिली वस्तू म्हणून लाटणंच का, तर ते दोन्ही बाजूंनी सेंटरमध्ये धरलेलं असतं, रेषे सगळे लांबीच्या दिशेने असतात आणि चूक दुरुस्त करायला वाव असतो. दीड ते दोन इंच चौरस, 14 इंच लांब तुकडा घ्या. दोन्ही टोकांना कर्ण काढून मध्य खुणवा. लाकूड कठीण असेल तर एका टोकाला करवतीने कर्णांवर खाचा पाडा, म्हणजे स्पर सेंटरचे (लाकूड फिरवणाऱ्या दातेरी सेंटरचे) दात नीट बसतात. स्पर सेंटर लेथच्या बाहेर, बाकावर लाकडी हातोडीने ठोकून बसवायचं. लेथवर ठोकलं की मार बेअरिंगला बसतो. टेलस्टॉक (दुसरं टोक धरणारा सरकता भाग) घट्ट करा, रेस्ट लाकडापासून साधारण 3 मिलिमीटरवर आणा, आणि बटण दाबण्याआधी काम हाताने पूर्ण एक फेरा फिरवून कुठे घासत नाही ना ते बघा. चौकोनी आहे तोवर 800 ते 1000 आरपीएम, गोल झाल्यावर 1500 पर्यंत.

टूल आधी रेस्टवर टेकवायचं, मग उताराची टाच लाकडावर घासू द्यायची, आणि मग मूठ सावकाश उचलत जायचं. एका ठिकाणी धार लाकडाला भिडते आणि सालपट सुटतं. हा क्रम मोडला, म्हणजे रेस्टला टेकायच्या आत धार लाकडाला लागली, की टूल हिसका मारतं. दुसरा नियम, जाड भागाकडून बारीक भागाकडे कापत जा. उलट गेलात तर धार रेष्यांच्या टोकांत शिरते आणि लाकूड उपटून निघतं. स्क्यू पहिल्या दिवसांत सगळ्यांनाच त्रास देतं. त्याच्या धारेचा खालचा अर्धा भागच लाकडाला लागला पाहिजे. वरचं टोक टेकलं की ते आत घुसतं. पण बाजूला टाकून देऊ नका. टाकाऊ लाकडावर रोज थोडा वेळ स्क्यू चालवलं तर पुढे पॉलिश पेपरचं काम जवळजवळ उरत नाही.

लोकांना पेपर मारायची घाई असते. पेपर मारताना रेस्ट काढून टाका, वेग कमी करा आणि पेपर खालच्या बाजूने धरा, म्हणजे अडकला तरी हात तुमच्यापासून लांब फेकला जातो. 120, 180, 240, 320 अशा क्रमाने जा, मधला नंबर गाळला तर ओरखडे तेल लावल्यावर उठून दिसतात. कापडाची चिंधी फिरत्या कामाला कधीही लावायची नाही, तेल लावायचं ते टिश्यू पेपरने. चिंधी गुंडाळली की बोटाला सोबत घेऊन जाते. हातमोजे, लांब बाह्या, ओढणी, मनगटातलं कडं, गळ्यातली साखळी, सगळं काढून ठेवा, केस बांधा. तोंडावर पूर्ण फेसशील्ड हवी, नुसता चष्मा पुरत नाही. लाकडाची धूळ कर्करोगाला कारण ठरते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मान्य केलेलं आहे, म्हणून पेपर मारताना एन 95 मास्क लावाच. शिसवाच्या धुळीने काहींच्या अंगाला खाज सुटते.

वीज गेली की पहिल्यांदा लेथचा स्विच बंद करा. वीज आली आणि मशीन आपणहून सुरू झालं, तेव्हा तुमचा हात कामावर असेल तर काय होईल हे सांगायला नको.

लाकूड विकत घेण्याआधी जळाऊ लाकडाच्या वखारीत एक चक्कर मारा. निफाड, सिन्नर भागातली बाभूळ तिथे येते. कठीण, चिवट आणि कातायला देखणी. आंबा स्वस्त आणि सोपा, पहिल्या कामाला चांगला. जांभूळही छान येतं. कण्हेरीचं लाकूड विषारी, ते स्वयंपाकघरातल्या वस्तूला वापरायचंच नाही. रस्त्यावर पडलेलं झाड दिसलं म्हणून फांदी घरी आणायचा मोह होतो, पण ते महापालिकेचं असतं, विचारून घ्या. आणि आपल्या अंगणातलं झाड तोडायलाही 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्याने परवानगी लागते. आपल्याकडची खास गोष्ट म्हणजे द्राक्षाची खोडं. जुनी बाग उपटली की बांधावर ढीग पडतो, शेतकरी बहुधा चुलीलाच घालतो. छाटणीच्या काड्या काही कामाच्या नसतात, पण खोडातून मुठी आणि पेन सुरेख निघतात. खोड वेडंवाकडं असतं, तडकतंही लवकर, म्हणून छोटे तुकडे करा. आणि वर्षानुवर्षांच्या फवाऱ्या त्या सालीत मुरलेल्या असतात, तेव्हा साल मास्क लावूनच आणि शेडबाहेर सोला. त्याची भांडी मी करत नाही.

ओल्या लाकडाची टोकं मेणाने किंवा जुन्या रंगाने लगेच बंद करा, कारण पाणी टोकांतून सगळ्यात वेगाने जातं आणि तिथूनच भेगा सुरू होतात. मधला गाभा कापून टाका. वाटी ओल्यातच जाड कातून ठेवा, व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढी भिंत ठेवून. म्हणजे 6 इंची वाटीला साधारण 15 मिलिमीटर. कागदी पिशवीत सावलीत वाळवा, ती वेडीवाकडी होते, मग पुन्हा गोल करा. मार्च ते मे नाशिकची हवा फार कोरडी असते, त्या दिवसांत ओली वाटी उघडी ठेवलीत तर चिरलीच समजा.

लाखेचं काम शिकायचं मनात असेल तर सावंतवाडीला जाऊन या. रंगीत लाखेची कांडी फिरत्या लाकडाला दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून चढते. कर्नाटकातल्या चन्नपट्टणला हेच काम चालतं, तिथे लाख घोटायला केवड्याचं पान वापरतात. पुस्तकातून हे कळत नाही, कारागिराचा हात किती दाबतो ते शेजारी उभं राहूनच बघावं लागतं.

कमाईचं विचाराल तर वाट्या-फुलदाण्या प्रदर्शनात बघायला सगळे थांबतात, घेणारे थोडे. नियमित काम मिळतं ते दुरुस्तीचं. जुन्या नाशकातल्या घरांत कातीव पायांचे पलंग, पाळणे, देवघरं अजून आहेत, आणि त्यातला एक पाय किंवा खुंटी मोडलेली असते. तसाच एक नवा करून द्या म्हणणारं गिऱ्हाईक घासाघीस करत नाही. त्यासाठी नक्कल करता आली पाहिजे. जुना पाय पुठ्ठ्यावर ठेवून आकार उतरवा, प्रत्येक खोलगट आणि फुगीर जागेचा व्यास कॅलिपरने मोजून तिथेच लिहा. नवं लाकूड गोल झालं की त्या जागी पार्टिंग टूलने लिहिलेल्या मापापेक्षा एक मिलिमीटर जास्त ठेवून खाच पाडा, सगळ्या खाचा झाल्या की मधला भाग स्पिंडल गाउजने जोडा. जुना पाय शेजारी त्याच उजेडात ठेवा आणि दर थोड्या वेळाने मशीन थांबवून दोन्ही एकाच नजरेत बघा. रंग लावण्याआधी गिऱ्हाइकाला दाखवा.