चेतापेशी प्रथिनं कशी बनवते? उत्तर लिहिताना या चुका टाळा

बीएस्सीच्या वह्या तपासताना चेतापेशीची आकृती हमखास अशी दिसते: पेशीकायात (केंद्रक असलेल्या मुख्य भागात) रायबोसोमचे, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या कणांचे, ठिपके गच्च भरलेले आणि बाहेरच्या फांद्या कोऱ्या. खाली वाक्य, 'सर्व प्रथिनं पेशीकायातच तयार होतात.' ते 'सर्व' आधी खोडा. बहुतेक प्रथिनं तिथेच बनतात हे खरं, पण सगळी नाही.

हिशोब करून पाहा. कण्यातून पावलापर्यंत जाणारा अक्षतंतू (संदेश बाहेर नेणारी चेतापेशीची लांब फांदी) जवळपास 1 मीटर लांब असतो. पेशीच्या सांगाड्याची प्रथिनं त्यातून दिवसाला साधारण 1 मिलिमीटर सरकतात. टोक गाठायला पावणेतीन वर्षं! तातडीची गरज अशी कशी भागणार? म्हणून केंद्रकात प्रतिलेखनातून (डीएनएवरून नक्कल होऊन) तयार झालेले काही एम-आरएनए, म्हणजे प्रथिन कसं बनवायचं याच्या प्रती, पेशी गाठोड्यात बांधून दूर धाडते. वाटेत त्यांचं भाषांतरण (त्यांच्यावरून प्रथिन बनणं) दाबून ठेवलेलं असतं. ते होतं मुक्कामी पोहोचल्यावर. 1982 मध्ये ओस्वाल्ड स्ट्युअर्ड आणि विल्यम लेव्ही यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून दाखवलं, की वृक्षिकांवरच्या (संदेश घेणाऱ्या फांद्यांवरच्या) इवल्या काट्यांच्या बुडाशी रायबोसोमचे घोस बसलेले असतात. म्हणजे थेट चेतासंधीच्या, दोन चेतापेशी जिथे भेटतात त्या जागेच्या, दारात. इतक्या वर्षांनीही हे शिकवताना मला तितकंच नवल वाटतं.

निस्सल कणांवरूनही फसगत होते. अक्षतंतूत ते दिसत नाहीत, म्हणून 'तिथे रायबोसोम नाहीत' असं मुलं लिहून मोकळी होतात. निस्सल कण म्हणजे खडबडीत आंतर्द्रव्यजालिका (पेशीतलं पडद्यांचं जाळं) आणि रायबोसोम यांची दाट गर्दी. रंग चढतो तो त्या गर्दीला. विखुरलेले थोडे रायबोसोम साध्या सूक्ष्मदर्शकाखाली नजरेस पडत नाहीत. अक्षतंतूत ते कमी असतात, पण असतात. आणि आकृतीत निस्सल कण वृक्षिकांच्या जाड बुंध्यातही काढा, ते तिथे असतातच.

ग्लुटामेट, गाबा, ॲसिटिलकोलिन या चेतापेशींमध्ये संदेश नेणाऱ्या रसायनांना प्रथिनं म्हणू नका. त्यांना बनवणारी विकरं (एन्झाइम) प्रथिनं असतात.

'जास्त प्रथिन, जास्त स्मरणशक्ती' असंही लिहू नका. चेतासंधीपाशी भाषांतरणाला लगाम लागतो, त्यातला एक एफएमआरपी या प्रथिनाचा. फ्रॅजाइल एक्स या आनुवंशिक विकारात हा लगामच नसतो. अनेक प्रथिनं गरजेपेक्षा जास्त बनत राहतात, वृक्षिकांवरचे काटे लांबट, बारीक, अपक्व राहतात आणि हा विकार असलेल्या मुलांना शिकणं जड जातं.