पितळी देव घासताना होणाऱ्या चुका

आमच्या देवघरातल्या अन्नपूर्णेची पळी आता बोटाने चाचपूनच कळते. आजी लग्न होऊन आली तेव्हा गौरीहराच्या पूजेतली ही मूर्ती माहेरून तिच्यासोबत आली होती. पुढे साठ वर्षे प्रत्येक सणाला ती आधी राखेने आणि नारळाच्या शेंडीने, नंतर पावडरीने इतकी घासली गेली, की नाक सपाट झाले, बोटे एकमेकांत मिसळली आणि मांडीवर आडवी धरलेली पळी म्हणजे एक पुसट उंचवटा उरला. अन्नपूर्णा ओळखायची ती पळीवरून, रांगता बाळकृष्ण ओळखायचा तो हातातल्या लोण्याच्या गोळ्यावरून. हे बारकावे झिजले की मूर्ती चकाकते खरी, पण देव कोणता ते सांगावे लागते.

खानदेशात हे नुकसान बहुधा श्रावणात होते. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरात कानबाई देवी बसायची असल्याने आदल्या दोन-तीन दिवसांत घरातले सगळे पितळ एकदम बाहेर निघते आणि हंडे-कळश्यांच्या घंगाळातच, त्याच घासणीने, देवही घासले जातात. भांड्याला चालणारी तारेची घासणी आणि राख मूर्तीला मुळीच चालत नाही.

दुसरी चूक चिंचेची आहे, आणि ती मी स्वतः केलेली आहे. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. चिंच, लिंबू किंवा आमसूल यांतले आम्ल वरचा काळपट थर विरघळवते, म्हणून चकाकी लगेच येते. परंतु मीठ घालून तोच लेप तासन्‌तास ठेवला, तर आम्ल आणि मीठ मिळून जस्त बाहेर ओढतात आणि पृष्ठभागावर तांबेच उरते. मी गणपतीला रात्रभर लेप लावून ठेवला होता. सकाळी सोंडेवर आणि पोटावर गुलाबी-तांबूस चट्टे होते. असा डाग वरवरचा असेल तर पितळेच्या मऊ पॉलिशने कमी होतो, खोल गेलेला मात्र जात नाही. लेप दोन-तीन मिनिटांपेक्षा अधिक ठेवू नये, मीठ घालू नये आणि वर्षातून दोन-तीनदाच हा उपाय करावा.

चिंच लावूनही काळे निघत नसेल, तर बहुतेक वेळा वर तेलातुपाचा आणि निरांजनाच्या काजळीचा थर असतो, ज्याच्या खाली आम्ल पोहोचतच नाही. अशा वेळी आधी बेसन आणि कोमट पाणी लावून चिकटपणा काढावा. निम्मे काम तेवढ्यानेच होते.

पंचामृताच्या अभिषेकानंतर मूर्ती नुसती नळाखाली धरणे हीही चूकच. दही आणि मध वस्त्राच्या चुण्यांत, मुकुटाच्या खाचांत राहतात आणि काही दिवसांत तिथे हिरवट कळंक धरतो. तो सुईने किंवा चाकूने खरवडू नये. ओल्या लाकडी काडीने किंवा जुन्या मऊ ब्रशने हळूहळू सोडवावा. हा कळंक विषारी असल्याने त्या मूर्तीवरचे तीर्थ तोपर्यंत घेऊ नये.

आपल्याकडे बोअरचे पाणी जड असते. मूर्ती आपोआप वाळू दिली तर पांढरे ठिपके उमटतात, म्हणून शेवटचे पाणी आरओचे घ्यावे आणि सुती कापडाने लगेच कोरडे करावे.

नव्या मूर्तीवर पुष्कळदा पारदर्शक लेप असतो. तिला चिंच लावली तर लेप जागोजागी सुटतो व मूर्ती कबरी दिसते. अशी मूर्ती फक्त ओल्या कापडाने पुसावी. खंडोबाचे किंवा कुलदेवीचे टाक चांदीचे असतील तर त्यांना पितळेची पावडर लावू नये. पातळ पत्र्यावरचा उठाव लवकर सपाट होतो.

जादाच्या मूर्ती प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून रबरबँड लावणे टाळावे, कारण पिशवीत दमटपणा कोंडतो आणि रबरातल्या गंधकाने पितळेवर काळा पट्टा उमटतो. कोरड्या सुती कापडात गुंडाळणे पुरेसे आहे.

आमच्या अन्नपूर्णेची पळी पुन्हा कोरून घ्यावी, असा विषय घरात अधूनमधून निघतो. पण कोरायचे म्हणजे उरलेले पितळ आणखी काढायचे, आणि हाताच्या जागी ते आधीच पातळ झालेले आहे. म्हणून आम्ही तिला आता घासत नाही. दर शुक्रवारी कोमट पाण्याने धुतो, पुसतो आणि ती काहीशी काळपटच राहते.