तारेवर चढण्याआधी: कार्ल वॉलेंडा आणि माझी मोडलेली टाच

तारेवर चालायला शिकणारी नवीन मुलं आली की पहिला प्रश्न ठरलेला: तोल सांभाळायची काठी किती किलोची घ्यायची? दुसरा: उंचावर कधी सोडणार? तणाव्यांबद्दल, म्हणजे तार बाजूंनी धरून ठेवणाऱ्या दोरांबद्दल, आजवर एकानेही आपणहून विचारलेलं नाही. मीही विचारलं नव्हतं. माझी उजवी टाच अजून सकाळची पहिली दहा पावलं मला लंगडत चालवते, ती त्यापायी.

काठी, बूट, नजर हे तुम्हाला कोणीही शिकवेल, म्हणून पटकन उरकते. काठी लांब असते आणि तिची टोकं खाली झुकतात, त्यामुळे अंग एका बाजूला कलायला वेळ लागतो आणि तेवढ्यात सावरता येतं. काठी सावकाश घडवते सगळं, एवढंच तिचं काम. बूट मऊ चामड्याच्या तळाचे. तार अंगठा आणि शेजारच्या बोटामधून निघून टाचेच्या मधोमध यायला हवी. नजर पलीकडच्या टोकावर. तार नवी असेल तर तिच्यावरचं ग्रीस पुसल्याशिवाय पाय ठेवू नका. झालं.

आता तणावे. तार दोन्ही टोकांना कितीही ताणली तरी मध्यावर ती आडवी झुलतेच. म्हणून ठरावीक अंतरावर तिच्या डाव्या-उजव्या अंगाला दोरांची एकेक जोडी तिरपी खाली ओढून बांधतात. परदेशी कलाकार त्यांना कॅव्हालेटी म्हणतात. तंबूच्या दोरांना आपण तणावे म्हणतो, तोच शब्द इथेही चालतो. जोडीतले दोन्ही दोर सारखे ताणलेले असले की तार जागच्या जागी राहते. एक जरी ढिला पडला तर तार एका बाजूला मोकळी सरकते आणि मग हिसका देऊन थांबते. तुम्ही कंबर डावीकडे घेता, तेव्हा ती पायाखालून उजवीकडे निघालेली असते. तुम्ही उजवीकडे सावरता, तोवर ती परत आलेली. हे दोन-तीनदा झालं की संपलं.

माझ्या बाबतीत तार फक्त आठ फुटांवर होती. महिनाभर रोज एकच प्रकार: चौथ्या जोडीपाशी पोचले की गुडघे थरथरायचे. त्याच्या अलीकडे ठीक, पलीकडे ठीक, नेमकं तिथेच. उस्ताद तेव्हा बाहेरगावी होते. एका सिनियरने ऐटीत निदान केलं, "तोल कच्चा आहे तुझा. जमिनीवर एका पायावर उभी राहत जा, डोळे मिटून." मी राहिले. रोज अर्धा तास, वेड्यासारखी. (अशा सिनियर लोकांबद्दल माझं मत सांगून टाकते: जो तुमची तार हात लावून न बघता तुमच्या अंगाबद्दल बोलतो, त्याला चहा पाजा आणि सोडून द्या.)

आणि मी तणावे तपासले नव्हते असंही नाही. खरी मेख तिथेच आहे, म्हणून ही गोष्ट दोनदा वाचा. मी रोज सकाळी प्रत्येक दोर हाताने ओढून बघत होते. सगळे टणक लागायचे. पण तेव्हा तार रिकामी असायची. माणूस तारेवर आला की त्याच्या वजनाने तार तिथे खाली दबते. तणाव्याचं वरचं टोक तारेलाच बांधलेलं, त्यामुळे तेही खाली येतं आणि दोर सैलावतो. म्हणजे रिकाम्या तारेवर टणक लागणारा दोर, तुम्ही त्याच्यापाशी पोचता आणि त्याची सगळ्यात जास्त गरज असते, नेमका तेव्हाच ढिला होतो. चौथ्या जोडीतल्या एका दोराची गाठ बोटभर सरकली होती. हाताला ती कळली नाही, वजनाला कळली. मी उजवीकडे गेले, काठी टाकली, उभ्या पायांवर खाली आले आणि टाचेचं हाड मोडलं. काठी टाकायची नसते हे मला पाठ होतं. पाठ असण्याचा काही उपयोग झाला नाही.

टाच प्लास्टरमध्ये असताना मी कार्ल वॉलेंडांबद्दल सापडेल ते वाचून काढलं. तारेवर चालणारे हे कलाकार तोवर मला फक्त "खाली जाळी न लावणारे" म्हणून माहीत होते. जर्मनीतल्या माग्डेबुर्गमध्ये १९०५ साली सर्कशीच्या घरात जन्म. १९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्यांच्या कुटुंबाने जाळीशिवाय खेळ केला. जाळी वेळेवर पोचलीच नव्हती असं सांगतात. पुढे बिनजाळीचा खेळ हीच त्यांची ओळख झाली. जाळी असली की कलाकार निष्काळजी होतो, असं त्यांचं मत होतं. मला ते पटत नाही. नवशिक्याने तर हे वाक्य ऐकूसुद्धा नये. कमरेला पट्टा बांधा, वर दोर धरणारा माणूस ठेवा आणि हसणाऱ्याला हसू द्या. त्यांचाच पणतू निक २०१२ मध्ये नायगारा ओलांडताना पट्टा बांधून चालला. प्रक्षेपण करणाऱ्या वाहिनीने तशी अटच घातली होती.

१९६२ च्या जानेवारीत डेट्रॉइटला त्यांचा सात जणांचा मनोरा तारेवरच कोसळला. दोघे मेले, दत्तक मुलगा मारिओ कमरेखाली कायमचा लुळा झाला. पुढच्याच दिवशी कार्ल पुन्हा तारेवर गेले. लोक हे धाडस म्हणून सांगतात. मी पडल्यावर मला ते वेगळं वाचता आलं. ज्याला दुसरं काहीच येत नाही, असा माणूस दुसऱ्या दिवशी आणखी कुठे जाणार? १९७० मध्ये, वयाच्या ६५ व्या वर्षी, त्यांनी जॉर्जियातली टलूला दरी तारेवरून ओलांडली आणि वाटेत दोनदा डोक्यावर उभे राहिले.

आणि मग २२ मार्च १९७८. पोर्तो रिकोतलं सान हुआन, एका हॉटेलच्या दोन इमारतींमध्ये तार, उंची सुमारे १२१ फूट, वारा जोराचा. कार्ल ७३ वर्षांचे होते. मध्यावर तार हलायला लागली, त्यांनी खाली बसायचा प्रयत्न केला, तारेला हात घातला, पण हात टिकला नाही. बघणाऱ्यांनी वाऱ्याला आणि वयाला दोष दिला. कुटुंबाचं म्हणणं वेगळं होतं: बाजूचे काही तणावे चुकीचे जोडले गेले होते.

हे वाचलं तेव्हा मी प्लास्टर वर टांगून पडले होते आणि मला रडू आलं. त्यांच्यासाठी आलं असं म्हणणं खोटेपणाचं होईल. मला एवढंच सुचलं की महिनाभर मी स्वतःला नालायक ठरवत होते, आणि जन्मभर तारेवर राहिलेल्या माणसाचाही घात शेवटी त्याच दोरांनी केला. एकाच वेळी हायसं वाटलं आणि धडकीही भरली.

म्हणून तुमचे गुडघे एकाच जागी थरथरत असतील तर आधी ती जागा मोजा. रोज तीच जोडी असेल तर दोष दोराचा आहे, तुमचा नाही. थरथर जागा बदलत असेल तर मात्र सराव कमी आहे, आणि तो वाढवण्याला काही पर्याय नाही. तोंडावर सांगते, कारण मला कोणी सांगितलं नाही.

उस्ताद परत आले तेव्हा ते मला ओरडले नाहीत. माझं प्लास्टर निघाल्यावर तीन आठवडे तारेवर चढूही दिलं नाही. माझ्या वजनाएवढी वाळू पोत्यात भरायला लावली. ते पोतं तारेला अडकवायचं, पहिल्या जोडीपाशी न्यायचं, मग दोन्ही बाजूंचे दोर दाबून बघायचे. मग दुसऱ्या जोडीपाशी. सगळ्या जोड्या. दुपारी ऊन तापलं की पुन्हा, रात्री दव पडलं की पुन्हा, कारण ओला नायलॉन ताणला जातो. एकदा मी कंटाळून म्हटलं, "उस्ताद, हे तर तार-दोर बांधणाऱ्या रिगिंगवाल्यांचं काम." ते म्हणाले, "पोरी, रिगिंगवाला संध्याकाळी जेवायला जातो. तू वर असतेस." एवढं बोलून ते स्वतः जेवायला गेले. मी पोतं ओढत राहिले.

आणखी एक शिकवलं त्यांनी, त्याचा कोणी सराव करत नाही, कारण त्यात टाळ्या नाहीत. तारेवर बसणं. काही बिनसलं की चालून पलीकडे पोचायची घाई करायची नाही. काठी मांड्यांवर आडवी, एक पाय खाली सोडलेला, बूड तारेवर, आणि श्वास. मी पन्नास वेळा बसले असेन तेव्हा त्यांनी मला पहिल्यांदा पुढे जाऊ दिलं. खाली लोक बघत असताना बसायला लाज वाटते, हे खरं आहे. माझी अजूनही पूर्ण गेलेली नाही.

२०११ मध्ये निक आणि त्याची आई डेलायला त्याच सान हुआनच्या त्याच दोन इमारतींमध्ये चालले. दोघे दोन टोकांकडून निघाले. मध्यावर गाठ पडली तेव्हा आई तारेवर खाली बसली आणि मुलगा तिला ओलांडून पुढे गेला. आजोबा जिथे पडले, तिथे ही बाई आपण होऊन खाली बसली.

पोतं आजही माझ्याकडे आहे. वजन वाढलंय माझं, म्हणून वाळू थोडी जास्त भरते.