शाब्ली बेचव लागते? आधी या चुका टाळा

शाब्ली या फ्रेंच पांढऱ्या वाइनची महागडी बाटली उघडली आणि तोंडात नुसता आंबट, पाणचट घोट आला, अशी तक्रार बरेच जण करतात. बहुतेक वेळा वाइनचा काहीच दोष नसतो. ती फ्रिजमधून थेट ग्लासात आलेली असते. 4-5 अंशांवर शाब्लीचा सुगंध दबून जातो आणि आंबटपणा तेवढा वर येतो. 10 ते 12 अंश तिला मानवतात, म्हणून बाटली वीसेक मिनिटं आधी बाहेर काढा. निमुळता, चिंचोळा ग्लासही नको; वाइन फिरवायला जागा हवी.

दुसरी चूक अपेक्षेची. फ्रान्समधल्या बरगंडी या वाइनच्या प्रदेशाच्या उत्तर टोकाला, सरँ नदीकाठी शाब्लीची शार्दोने जातीची द्राक्षं पिकतात. तिथल्या चुनखडीच्या मातीत सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वीच्या इवल्याशा कालवांचे जीवाश्म खच्चून भरलेले आहेत. म्हणून लोक ग्लासात शिंपल्यांची चव शोधत बसतात. पण मुळं काही चुनखडी चोखून द्राक्षात भरत नाहीत. ओल्या दगडाची, खडूची जी आठवण होते तिच्यामागे थंड हवेतला तरतरीत आंबटपणा, गंधकयुक्त संयुगं आणि ओकच्या लाकडी पिंपांच्या वासाचा अभाव अशी बरीच कारणं सांगितली जातात आणि त्यावर अजून वाद चालू आहे. तेव्हा पहिल्याच घोटात दगड सापडला नाही म्हणून नाराज होऊ नका.

वासाच्या बाबतीत मात्र घाई अजिबात नको. नुकत्याच विझलेल्या काडेपेटीच्या काडीसारखा वास आला, तर बाटली परत करू नका. वाइनला हवा कमी मिळाली की असं होतं. काचेच्या जगमध्ये ओतून अर्धा तास ठेवा, बऱ्याचदा वास उडून जातो. ओल्या पुठ्ठ्याचा, कुबट वास आला तर गोष्ट वेगळी. तो बुचातून आलेला दोष आहे. कितीही वेळ उघडी ठेवली तरी जाणार नाही. ती बाटली खुशाल परत करा.

तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे खडे दिसले तर घाबरू नका. ते टार्टरिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक, अगदी निरुपद्रवी. बाटली उभी ठेवून हलक्या हाताने ओता.

लेबलही नीट वाचा. पेती शाब्ली म्हणजे सगळ्यांत साधी, हलकी शाब्ली; ती लवकर प्यायची, ती वर्षानुवर्षं जपून काही हाती लागत नाही. ग्राँ क्रूचं, म्हणजे सर्वांत वरच्या दर्जाच्या शाब्लीचं, बरोबर उलट. शाब्ली गावासमोरच्या एकाच उतारावरचे हे सात मळे. त्यांची वाइन दोन-तीन वर्षांत उघडली, तर पैसे वाया गेल्यासारखं वाटतं, कारण तेव्हा ती मिटलेली असते, तिचा वास-चव खुललेली नसते. द्राक्षं चांगली पिकली त्या वर्षाची असेल तर आठ-दहा वर्षं थांबा; थांबणं शक्यच नसेल तर तासभर आधी जगमध्ये काढून ठेवा.