क्लस्टरवर पहिला जॉब कसा टाकायचा (स्लर्म वापरून)

परम ८००० हा सुपरकॉम्प्युटर पुण्यातल्या सीडॅकने १९९१ मध्ये बनवला, आज पाषाणला आयसरमध्ये परम ब्रह्म आहे, त्यामुळे इथल्या बऱ्याच मुलांना प्रोजेक्टसाठी कधी ना कधी क्लस्टरचं अकाउंट मिळतं, पण ते वापरायचं कसं हे शेजारी बसून कोणी सांगत नाही. म्हणून हे लिहितोय. क्लस्टर म्हणजे एकमेकांना जोडलेली बरीच कॉम्प्युटर, त्यातल्या एकेकाला नोड म्हणतात, आणि कोणाचं काम (म्हणजे जॉब) कधी नि कुठे चालवायचं ते स्लर्म नावाचं सॉफ्टवेअर ठरवतं. कमांड इथे देवनागरीत दिल्यात, टर्मिनलवर अर्थातच रोमनमध्ये टाइप करा.

एसएसएचने (दूरच्या मशीनवर लॉगिन करायची कमांड) आत शिरलात की तुम्ही लॉगिन नोडवर असता. तिथे फक्त फाइल एडिट करा, कोड कंपाइल करा, जॉब टाका, बस्स. सिम्युलेशन तिथे अजिबात चालवू नका, तो नोड सगळ्यांचा असतो, तुमच्या एका रनमुळे बाकीच्यांचं टायपिंगसुद्धा अडकायला लागतं.

मग मॉड्यूल अव्हेल टाकून कुठली सॉफ्टवेअर आहेत ते बघा, हवं ते मॉड्यूल लोडने घ्या आणि तीच ओळ स्क्रिप्टमध्येपण टाका. एसइन्फोने पार्टिशन (म्हणजे नोडचे गट) कुठली आहेत आणि प्रत्येकाची वेळेची मर्यादा किती ते कळतं.

आता स्क्रिप्ट, खरं काम इथेच आहे. पहिली ओळ बॅशची, त्याखाली हॅश एसबॅचच्या ओळी, त्यात पार्टिशन, नोड, टास्क, मेमरी आणि वेळ. या सगळ्या ओळी पहिल्या कमांडच्या आधीच हव्यात, नंतर लिहिलेल्या स्लर्म वाचतच नाही आणि एररही देत नाही. वेळ लिहिताना तर फारच जपा, १०:०० म्हणजे दहा तास नाही, दहा मिनिटं! दहा तास हवे असतील तर १०:००:०० लिहायचं. मेमरीचंही तेच, नुसतं १६ लिहिलं तर स्लर्म १६ एमबी समजतो, म्हणून पुढे जी (म्हणजे जीबी) लावा.

खूप जण घाबरून वेळेची कमाल मर्यादाच मागतात आणि मग जॉब दोन-दोन दिवस रांगेत बसतो. एखादा मोठा जॉब बरेच नोड एकदम मोकळे व्हायची वाट बघत असतो, तोवर जे मोकळे झालेत ते नुसते पडून राहतात, आणि बॅकफिल चालू असेल तर स्लर्म त्या फटीत छोटे जॉब सरकवतो. तुमचा जॉब तिथे मावेल की नाही हे तो तुम्ही लिहिलेल्या वेळेवरूनच ठरवतो. पण फार कमीही मागू नका, वेळ संपली की जॉब मारला जातो. आधी छोट्या इनपुटवर रन करून अंदाज घ्या आणि त्यावर पाव हिस्सा जास्त मागा, माझ्या मते हेच बरं.

एसबॅचने स्क्रिप्ट टाकली की जॉब नंबर मिळतो. एसक्यूमध्ये (टाइप करताना एस-क्यू-यू-ई-यू-ई) पीडी दिसलं तर जॉब थांबलाय, आर म्हणजे चालू. पीडीच्या ओळीत कारणही असतं, रिसोर्सेस म्हणजे नोड मोकळे नाहीत, प्रायॉरिटी म्हणजे तुमच्या पुढे अजून कोणी आहे. चुकीचा जॉब गेला तर एसकॅन्सल आणि नंबर.

जॉब संपला की एसअकाउंट (टाइप करताना एस-ए-सी-सी-टी) चालवताना फॉरमॅटमध्ये मॅक्सआरएसएस मागा आणि तो आकडा बघाच, खरी मेमरी किती लागली ते तिथे कळतं, पुढच्या वेळी तेवढीच, थोडी वर धरून मागा.

आणि एकाच कोडला शंभर इनपुट द्यायची असतील तर शंभर स्क्रिप्ट करू नका, स्क्रिप्टमध्ये हॅश एसबॅचच्या ॲरेच्या ओळीत १-१००%१० लिहा, एका वेळी दहाच चालतात, आणि बंद करायची वेळ आली तर एकाच नंबरवर सगळे बंद होतात.