स्विचला शेजारी कोण, हे कसं कळतं: जिनिंगच्या आवारात एलएलडीपी लावताना

चोपडा, धुळे, जळगाव भागातल्या जिनिंगमध्ये वजनकाटा, ऑफिस, प्रेस हॉल आणि गोदाम एकमेकांपासून लांब असतात. नेटवर्कची तांब्याची केबल १०० मीटरपर्यंतच चालते, म्हणून जागोजागी स्विच, म्हणजे नेटवर्कच्या वायरी जोडणाऱ्या पेट्या, येतात. दोन-तीन हंगाम गेले की कोणती वायर कुठे जाते ते कुणालाच सांगता येत नाही. ही माहिती एलएलडीपीने (लिंक लेयर डिस्कव्हरी प्रोटोकॉल, स्विचने शेजाऱ्याला आपली ओळख सांगायची पद्धत) स्विचकडूनच काढता येते. हे काम कापसाची आवक सुरू होण्याआधी उरकावं, कारण काटा बंद पडला की गाड्यांची रांग थेट रस्त्यावर येते.

एलएलडीपी चालू असलेला स्विच प्रत्येक पोर्टवरून दर ३० सेकंदांनी स्वतःची ओळख सांगणारी छोटी फ्रेम, म्हणजे माहितीचं पाकीट, पाठवतो. ओळख, पोर्ट आणि नोंद किती वेळ धरायची, या तीन गोष्टी तिच्यात असतातच. नाव, वर्णन आणि व्यवस्थापनाचा आयपी ऐच्छिक. समोरचा स्विच हे आपल्या तक्त्यात लिहितो, पण फ्रेम पुढे पाठवत नाही. त्यामुळे तक्त्यात फक्त थेट जोडलेला शेजारी दिसतो. मुदत सहसा १२० सेकंद. तेवढ्यात नवी फ्रेम आली नाही तर नोंद पुसली जाते. हे मानक आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेचं, ८०२.१एबी, २००५ सालचं. सिस्को कंपनीची याच कामाची स्वतःची पद्धत, सीडीपी, वेगळी: ६० सेकंदांनी फ्रेम, १८० सेकंद मुदत. आवारात दोन-तीन कंपन्यांचे स्विच असतील तर एलएलडीपीच लावा.

आधी नावं द्या. स्विचला ‘काटा-१’, ‘प्रेस-हॉल’ अशी, आणि पोर्टच्या वर्णनात ‘गोदामाकडे फायबर’ असं. फॅक्टरीतून आलेलं नाव तसंच ठेवलं तर तक्त्यात चारही शेजारी ‘स्विच’ म्हणूनच दिसतात, आणि सगळी मेहनत वाया जाते.

मग एलएलडीपी चालू करा. सिस्कोच्या कॅटॅलिस्ट स्विचवर ते बहुधा बंदच असतं. कॉन्फिग मोडमध्ये ‘एलएलडीपी रन’ द्या. वेब पानावरून चालणाऱ्या स्विचवर ग्लोबल सेटिंग आणि प्रत्येक पोर्टवर ‘पाठवा व घ्या’ हे दोन्ही तपासा. इंटरनेटवाल्याची लाईन ज्या पोर्टवर येते तिथे मात्र दोन्ही बंद ठेवा. आपल्या स्विचचं मॉडेल, सॉफ्टवेअर आवृत्ती आणि आयपी बाहेर सांगायची गरज नाही. शेवटी ‘राइट मेमरी’ द्यायला विसरू नका; वीज गेली की न जपलेली सेटिंग जाते.

दोन मिनिटं थांबून ‘शो एलएलडीपी नेबर्स डिटेल’ पहा, तेही दोन्ही टोकांवर. एकाच बाजूला शेजारी दिसत असेल तर दुसरीकडे ‘घ्या’ बंद आहे किंवा पहिलीकडे ‘पाठवा’ बंद आहे.

एकाच पोर्टवर दोन-तीन शेजारी दिसले तर मध्ये कुठेतरी साधा, सेटिंग नसलेला स्विच बसवलेला आहे, असा संशय धरा. असे काही स्विच ही फ्रेम गिळतात, काही सगळीकडे पसरवतात. तो शोधून नकाशावर मांडा. फायबरच्या मीडिया कन्व्हर्टरचीही (फायबर आणि तांब्याची वायर जोडणारी डबी) अशीच गोची असते. पलीकडची वायर निघाली तरी अलीकडचा दिवा हिरवाच राहू शकतो, पण दोन मिनिटांत शेजाऱ्याची नोंद जाते. अशा वेळी दिव्यापेक्षा तक्त्यावर विश्वास ठेवा.

बरेच स्वस्त कॅमेरे एलएलडीपी बोलतच नाहीत. त्यांच्यासाठी मॅक तक्ता, म्हणजे कोणत्या पोर्टवर कोणत्या उपकरणाचा हार्डवेअर पत्ता दिसला याची स्विचमधली यादी, पहा. तिथली नोंद सहसा ३०० सेकंद टिकते, म्हणून आधी कॅमेऱ्याला पिंग करा (उत्तर मागणारा छोटा संदेश पाठवा). उलट, नेटवर्कच्या वायरीतूनच वीज घेणारा, फिरणारा मोठा कॅमेरा रात्री दिवे लागताच रीस्टार्ट होत असेल तर पोर्टवर एलएलडीपी चालू आहे का ते बघा. काही जोड्यांमध्ये १५.४ वॉटहून जास्त वीज याच फ्रेममधून मागितली जाते; फ्रेम बंद असली की कॅमेऱ्याला ती मिळत नाही.

हा तक्ता स्विचच्या मेमरीत असतो, रीबूट झाला की कोरा होतो. म्हणून एसएनएमपी (उपकरणांची माहिती दुरून वाचायची पद्धत) चालू करून लिब्रेएनएमएससारख्या नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरला तो वाचू द्या. नेहमीच्या मांडणीत ते दर सहा तासांनी शेजारी नव्याने शोधतं. सर्व्हर ठेवणं परवडत नसेल तर प्रत्येक स्विचच्या तक्त्याची प्रत तारीख घालून फाईलमध्ये जपा, आणि एक छापून रॅकच्या दाराला आतून चिकटवा. वायर हलवली की त्याच दिवशी प्रत बदला.